चिडलं की ताट ढकलतं, हे घरातूनच येतं का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): चार वर्षांचं पोर चिडलं की ताट ढकलतं. घरात मारझोड नाही, मोठ्यांचा आवाज तेवढा चढतो. मग शिकतं कुठून?

– तिथूनच की! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचा १९६१ चा प्रयोग बघा: ३ ते ६ वर्षांची ७२ मुलं. मोठ्यांनी बाहुलीला बडवलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हुबेहूब तसंच बडवलं, बोलसुद्धा तेच.

– आधी ‘मोबाईल नाही’, मग आकांत झाला की हातात. ओरडलं की मिळतं, हे पक्कं होतं. ठाम राहिलात तर सुरुवातीला आकांत वाढतो. नेमकी तिथंच आजी विरघळते.

– भर रागात उपदेश नको. खाली बसून, हळू आवाजात: ‘राग आलाय. ताट ढकलायचं नाही.’ बास. शांत झाल्यावर सांडलेला भात त्याच्याकडूनच गोळा करून घ्या. आपला आवाज चढला, तर ‘चुकलं माझं’ त्याच्यासमोरच म्हणा.