गुडघा मागे दुमडतो, मांडी पुढे येते; दोन्ही आकुंचनच कसे?

प्रश्न (विद्यार्थिनी, अमळनेर)

नमस्कार. मी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे. शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा हे शब्द ओळखीचे आहेत, आणि प्रौढ माणसाच्या 206 हाडांपैकी 80 अक्षीय सांगाड्यात व 126 उपांग सांगाड्यात असतात, हेही लक्षात आहे. माझी अडचण हालचालींच्या नावांची आहे. सांध्यातला कोन कमी झाला की आकुंचन म्हणजे फ्लेक्शन आणि वाढला की प्रसरण म्हणजे एक्स्टेन्शन, असे वर्गात सांगितले. कोपराला हे बरोबर लागू पडते. पण खांद्यातून सरळ हात पुढे उचलला तर काहीच दुमडत नाही, तरी त्याला आकुंचनच म्हणतात. यामागे काही नियम आहे, की हे नुसते पाठ करायचे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

ताई, नियम आहे, आणि तो समजला तर पाठांतराची गरज उरत नाही. आईच्या पोटातले बाळ कसे मुटकुळे करून असते ते डोळ्यांसमोर आणा: पाठीचा कणा पुढे वाकलेला, दंड छातीपुढे आलेले, कोपरे दुमडलेली, मांड्या पोटाशी आणि टाचा मांड्यांच्या मागे. यातला जवळजवळ प्रत्येक मोठा सांधा आकुंचनात आहे, आणि त्या अवस्थेकडे नेणारी हालचाल ती आकुंचनाची.

गुडघ्याची दिशा उलटी का, याचे कारण गर्भाच्या वाढीत आहे. हातापायांचे अंकुर फुटतात तेव्हा दोन्हींचे अंगठे डोक्याच्या बाजूला असतात. पुढे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात हात बाहेरच्या बाजूला आणि पाय आतल्या बाजूला फिरतात. म्हणून कोपराचे टोक मागे गेले आणि गुडघा पुढे आला. तळवे समोर करून ताठ उभ्या राहा: हाताचा अंगठा बाहेर आणि पायाचा अंगठा आत दिसेल, ती त्याच फिरण्याची खूण आहे. शरीररचनाशास्त्रातली सगळी वर्णने याच उभ्या स्थितीवरून केली जातात, मग माणूस प्रत्यक्षात झोपलेला असो की बसलेला.

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षक, जळगाव)

वरील उत्तराला थोडी जोड देतो. अॅबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर नेणे आणि अॅडक्शन म्हणजे मध्यरेषेकडे आणणे. मराठीतले अपवर्तन आणि अभिवर्तन हे शब्द सुटसुटीत आहेत, कारण अपहरणातला ‘अप’ दूर नेणाराच आहे. मात्र प्रकाशाच्या धड्यातले अपवर्तन वेगळे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. बोटांच्या बाबतीत ही मध्यरेषा शरीराची नसून हाताच्या मधल्या बोटाची धरतात, तर पायात ती अंगठ्याशेजारच्या बोटाची असते. परीक्षेत इथे हमखास चूक होते.

सुपिनेशन आणि प्रोनेशन यांसाठी तर आपले उताणा आणि पालथा हे शब्द पुरेसे आहेत. आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायकांचे हात पाहा. खापरावर टाकण्याआधी मांडा हातांवर झेलत मोठा करताना त्यांचे तळवे उताणे-पालथे होत राहतात. कोपर दुमडून कुशीला लावा, त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवा आणि तळवा फिरवा. टोक जागेवरच राहते, कारण ते करंगळीच्या बाजूच्या हाडाचे, म्हणजे अल्नाचे आहे. फिरते ते अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. तळवा उताणा असताना दोन्ही हाडे समांतर असतात आणि पालथा झाला की रेडियस अल्नाला ओलांडून तिरके जाते. ही हालचाल मनगटाची आहे असे बहुतेकांना वाटते. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते, आणि ते मी वर्गात शिकवलेही, याचे आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्ती

सर, दोघांचीही मनापासून आभारी आहे. बाळाच्या मुटकुळ्यामुळे खांद्याचा प्रश्न लगेच सुटला. आणखी एक विचारते: शेतात निंदणी करताना आई ‘कंबरेतून वाकते’ असे आम्ही म्हणतो, ते नेमके कोणत्या सांध्याचे आकुंचन मानायचे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

बोलीतली कंबर इथे दोन ठिकाणांना झाकते. एक, कण्याच्या 33 मणक्यांपैकी कंबरेचे पाच मणके, आणि दुसरे, मांडीचे हाड ओटीपोटाच्या हाडात जिथे बसते तो खुब्याचा उखळीचा सांधा. वाकताना दोन्हींचे आकुंचन होते. पाठ सरळ राहून धड पुढे झुकले तर हालचाल मुख्यतः खुब्याची, आणि पाठीला बाक आला तर मणक्यांचीही. वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहा: ‘कण्याचे आकुंचन’ आणि ‘खुब्याचे आकुंचन’. उद्या आई निंदायला बसेल तेव्हा बाजूने पाहा; मांड्या पोटाशी आलेल्या आणि गुडघे पूर्ण दुमडलेले दिसतील, म्हणजे उकिडवे बसण्यात खुबा आणि गुडघा दोन्ही आकुंचनात असतात.