मदत हवी आहे: माल अपलोड करताना निम्म्या ओळी एरर (अर्जंट!)

काठपदर:
नमस्कार मंडळी. ऑनलाइन माल विकणारं कोणी आहे का इथे? एकेक करून टाकत बसायला वेळ नाही, म्हणून सगळं एकदम एक्सेलमधून अपलोड करतेय, तर निम्म्याहून जास्त ओळी एरर. सगळं बरोबर भरलंय, परत परत तपासलंय. सपोर्टवाले एकच उत्तर डकवतात, 'टेम्प्लेटमधल्या सूचना वाचा'. वाचल्यात हो! गणपती तोंडावर आलेत आणि माल घरात पडून आहे. प्लीज लवकर सांगा.

नाना_पेठेतले:
काय विकता, कुठे विकता, एरर नक्की काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणायचं आणि वर लवकर गोळी द्या म्हणायचं.

काठपदर:
लहान मुलींचे परकर-पोलके आणि शिवलेली नऊवारी. कापड कापडगंजातून आणतो, शिवण घरचीच. साइटचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर 'ती साइटच भिकार' यावर पन्नास प्रतिसाद पडतील. एरर बहुतेक ठिकाणी 'साइज अमान्य', काही ओळींना 'रंग अमान्य'. नऊवारीच्या बऱ्याच ओळी चढल्या, परकर-पोलक्याची एकही नाही.

मुक्त_स्रोत:
एक्सेल वापरलंत तिथेच फसलात. लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल) उघडतानाच ते विचारतं कुठला कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा.

बाणेर_बायपास:
लिब्रे कशाला? गूगल शीट्समध्ये करा. मोबाईलवरूनही भरता येतं, आम्ही सगळं त्यातच करतो.

मुक्त_स्रोत:
तुम्ही सगळं त्यात करता म्हणून ते बरोबर होत नाही. शीट्सही आकडे आपल्या मनाने फिरवतं.

बाणेर_बायपास:
आमचे नाही फिरवत.

कॅटलॉगवाली:
भांडण जरा थांबवा. ताई, परकर-पोलक्याचे साइज कसे लिहिलेत? त्या सेलवर क्लिक करून वरच्या लांब पट्टीत काय दिसतं ते जसंच्या तसं इथे टाका. तुम्हाला काय लिहायचं होतं ते नको, तिथे काय आहे ते.

काठपदर:
वर्षांप्रमाणे आहेत. २-३, ४-५, ६-७. थांबा, बघते.

काठपदर:
अगंबाई! २-३ च्या जागी तारीख आहे, सालासकट. ४-५ ची झालीय ४ मे. कॉलम चिंचोळा होता, तिथे नुसते #### दिसायचे.

कॅटलॉगवाली:
हे एक्सेलचं काम. २-३ टाइप केलं की त्याला ती २ मार्च वाटते. नऊवारीचे साइज एस, एम, एल असणार, म्हणून त्या ओळी सुटल्या. आता घाईने त्या कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करू नका. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या मोजणीत ठेवतं, त्यामुळे तारखेच्या जागी पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला आकडा उगवेल. आधी कॉलम रिकामा करा, मग फॉरमॅट टेक्स्ट, मग साइज भरा. साइजही मनाने लिहू नका. टेम्प्लेटमध्ये चालणाऱ्या व्हॅल्यूंची वेगळी शीट असते. तिथे '२-३ वर्षे' असेल तर नुसतं '२-३' घेणार नाही. तिथूनच कॉपी करा.

हिशेबी:
मूळ मुद्दा कोणी विचारतच नाहीये. ताई, जीएसटी नंबर आहे का? त्याशिवाय ऑनलाइन विकता येत नाही.

नाना_पेठेतले:
साफ चूक. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही वस्तू ऑनलाइन विकता येतात, फक्त आपल्या राज्यातल्या राज्यात. जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो.

हिशेबी:
नाना, मुंबई-नाशिकला विकून कोणाचं भागतं? गणपतीत बंगळुरू, इंदूर, बडोद्याहून ऑर्डरी येतात. आणि एचएसएनचं, म्हणजे करासाठी मालाला असतो त्या कोडचं काय? विणलेल्या कापडाच्या मुलींच्या कपड्यांना ६२०४ असलं तरी ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे ६२०९ मध्ये जातात. एकाच कोडखाली सगळं ढकललं असेल तर तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी.

काठपदर:
मी एचएसएनबद्दल विचारलंच नाहीये हो. साइजचं कळलं, धन्यवाद. पण रंगाचं काय? 'चिंतामणी', 'आमसुली', 'डाळिंबी' असं लिहिलंय, तेच अमान्य म्हणतंय. गिऱ्हाईक तर दुकानात याच नावांनी मागतं.

कॅटलॉगवाली:
रंगाचे दोन कॉलम असतील बघा. एक तुमच्या मनातल्या नावाचा, तिथे चिंतामणी खुशाल लिहा. दुसरा गाळणीसाठी, म्हणजे गिऱ्हाईक डावीकडे 'निळा' निवडतं तेव्हा माल दिसावा म्हणून. त्यात यादीतलाच साधा रंग हवा.

ठुशी:
चिंतामणी निळा? छे! जांभळ्याकडे झुकतो तो. निळा लिहिलात तर परत येतील पोलके.

नाना_पेठेतले:
झुकत वगैरे काही नाही, निळाच. आमच्या हिच्याकडे चिंतामणी रंगाची पैठणी आहे.

ठुशी:
उन्हात बघा ती एकदा.

बाणेर_बायपास:
अवांतर: ४-५ वर्षांचं पोलकं केवढ्याला? भाचीसाठी हवंय.

काठपदर:
व्यनि (खाजगी निरोप) करते. आधी फाईल. साइज यादीतून कॉपी केले, रंगही यादीतलेच टाकले, तरी काही ओळी 'रंग अमान्य'च. डोळ्यांना अगदी तंतोतंत तेच दिसतंय!

मुक्त_स्रोत:
त्या ओळी कुठून आणल्यात?

काठपदर:
आपल्याच जुन्या लिस्टिंगच्या पानावरून कॉपी-पेस्ट. का?

मुक्त_स्रोत:
वेबपानावरून मजकूर उचलला की कधीकधी शेवटी न तुटणारी स्पेस चिकटून येते. ती दिसत नाही आणि ट्रिम फॉर्म्युल्याने जातही नाही, कारण ट्रिमला फक्त साधी स्पेस कळते. शंका असेल तर लेन फॉर्म्युला लावून अक्षरं मोजा, एखादं जास्त निघेल. सबस्टिट्यूट फॉर्म्युल्यात कॅर १६० (त्या स्पेसचा कोड) देऊन ती काढा, मग ट्रिम, मग पेस्ट स्पेशलमधून नुसत्या व्हॅल्यू. फाईलमध्ये फॉर्म्युला राहू देऊ नका. (हो, हे एक्सेलचंच सांगतोय. नाइलाज.)

कॅटलॉगवाली:
+१. आणि सगळी फाईल दरवेळी चढवू नका. एक परकर-पोलकं घ्या, त्याची मुख्य ओळ आणि साइजच्या दोन-तीन ओळी, एवढंच पाठवा. ते स्वच्छ गेलं की बाकीच्या ओळी. मुख्य ओळीला किंमत आणि स्टॉक नको, ते साइजच्या ओळींना. साइजच्या प्रत्येक ओळीत मुख्य ओळीचा एसकेयू (आपण मालाला दिलेला कोड) अक्षरशः तोच हवा. एसकेयू ००१ असा असेल तर एक्सेलने त्याचा नुसता १ केलाय का तेही बघा, शून्यं तो खातो.
बारकोडचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. तो कॉलम काय भरलाय?

काठपदर:
घरचा माल, बारकोड कुठला? शेजारचा दुकानदार म्हणाला कुठलाही १३ आकडी टाक, म्हणून काही ओळींत टाकलेत. त्या ८.९०ई+१२ अशा दिसतायत.

नाना_पेठेतले:
धन्य तो दुकानदार. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो, त्यामुळे मनाने ठोकलेला नंबर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो. आणि चुकून जुळलाच तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी बिस्किटाचा निघायचा.

कॅटलॉगवाली:
ते नंबर काढून टाका. घरगुती ब्रँडला बारकोडमधून सूट मागायची सोय मोठ्या साइटींवर असते. ती आधी मंजूर करून घ्या, मगच त्या ओळी पाठवा. पुढे कधी जीएस-वन इंडियाकडून (बारकोड नंबर देणारी संस्था) खरे नंबर घेतलेत तर तोही कॉलम आधी टेक्स्ट करा. ८.९०ई+१२ दिसत असताना सीएसव्ही सेव्ह केलं की शेवटचे आकडे कायमचे गेले.

भुसारी:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मराठीत नाव लिहिलं की सीएसव्हीत सगळी प्रश्नचिन्हं होतात.

मुक्त_स्रोत:
सेव्ह अ‍ॅजमध्ये एकापेक्षा जास्त सीएसव्ही दिसतील. यूटीएफ-८ लिहिलेली घ्या. किंमत मात्र मराठी आकड्यांत लिहू नका, सिस्टिमला ती अक्षरं वाटतात.

काठपदर:
सूटीचा अर्ज केला. स्पेसचं खरंच तेच होतं, लेनमध्ये एक अक्षर जास्त आलं. छोटी फाईल पाठवली, साइज-रंग पास! आता फक्त फोटोचा एरर. लिंक ब्राउझरमध्ये टाकली की फोटो उघडतोय, तरी 'फोटो मिळाला नाही'.

कॅटलॉगवाली:
लिंक गूगल ड्राइव्हची आहे ना? ती फोटोचं पान उघडते, फोटो नाही. लिंक थेट जेपीजीवर जायला हवी. साइटचंच फोटो अपलोडर असेल तर त्यात टाका आणि तिथून मिळालेली लिंक फाईलमध्ये भरा. आणि ज्या नऊवाऱ्या चढल्यात त्यांची नुसती किंमत बदलायची असेल तर 'अंशतः अपडेट' निवडा. 'पूर्ण अपडेट'मध्ये रिकामे सेल आधीची माहिती पुसून टाकतात, फोटोसकट.

ठुशी:
चिंतामणीचा फोटो दिवसाउजेडी काढा, ट्यूबलाइटखाली नको.

हिशेबी:
सगळं झालं, पण जीएसटी नंबर आहे की नाही हे अजून कळलं नाही.

काठपदर:
आहे हो, आईच्या नावावर! लिंक ड्राइव्हच्याच होत्या, बदलतेय. उरलेल्या ओळी रात्री चढवते. बाणेर_बायपास, व्यनि बघा, भाचीची उंची कळवा.