मदत हवी आहे: विंडो हलवताना रखडते, हार्ड डिस्क थांबतच नाही

मंडळी, लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. गेल्या आठवड्यात फॉरमॅट करून आणला, तेव्हापासून कुठलीही विंडो माउसने ओढली की रबरासारखी ताणत मागून येते. डिस्कचा दिवा तर विझतच नाही; दोन टॅब उघडून चहा टाकून आलो तरी खरखर चालूच.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्के, मेमरी ९०च्या वर, डिस्क सरळ १००. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतंय, म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही ना? विंडोचं रखडणं त्यामुळे असेल. पण डिस्कचं काय? रॅम अपुरी म्हणून पेजिंग (रॅममधला डेटा डिस्कवर ने-आण करणं), की डिस्कच आचके देतेय? स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब निघून बदललेले भाग, शून्य आहेत.

खिशाला एकच खर्च झेपेल. आधी रॅम वाढवू की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकू?