मदत हवी आहे: जिंगदेझेनला दोन दिवस, सोबत आई. जुन्या भट्ट्या की राजाची भट्टी?

नमस्कार मंडळी,

भाऊ शांघायला नोकरीला आहे. ऑक्टोबरात मी आणि आई त्याच्याकडे चाललोय. व्हिसा हातात आलाय, तो प्रश्न नाही. त्यातले दोन दिवस मी हट्टाने जिंगदेझेनसाठी, म्हणजे पोर्सेलिनच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिनी गावासाठी, काढून ठेवलेत. भावाचं म्हणणं, "बशा बघायला इतक्या लांब?" त्याला रजा नाही, म्हणजे जाणार आम्ही दोघीच.

मी चार वर्षं पुण्यात एका स्टुडिओत चाकावर बसते. केलं ते सगळं स्टोनवेअर, म्हणजे जाड, दणकट भांडी. पोर्सेलिनची, म्हणजे पांढऱ्या नाजूक भांड्यांची, माती एकदाच हातात घेतली. वाडगा उभा राहिला, मी कौतुकाने बघत बसले आणि तो ओल्या पोळीसारखा आडवा झाला. तेव्हापासून ही माती ज्यांना ऐकते त्यांचं गाव बघायचंय.

अडचण अशी की आई ७२ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. जुन्या भट्ट्यांचं खुलं संग्रहालय आणि चूशानचं राजभट्टीचं संग्रहालय, दोन्ही एका दिवसात झेपतील का? एकच करायचं तर कुठलं? भट्टी पेटलेली बघायला मिळते का? आणि शाकाहाराचं काय?

शेवटचं. आजोबांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली एक निळी-पांढरी बशी घरात आहे. पाठीवर दोन निळी वर्तुळं, आत सहा चिनी अक्षरं. बुडाच्या कडेला झिलई नाही, तिथे बोट फिरवलं की खरखरतं, वाळूचे कण चिकटलेत. ती सोबत न्यावी का? तिथे कुणीतरी ओळखेलच ना?

— बरणीवाली

शांघायकर:

ताई, दोनदा जाऊन आलोय. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. पहिला दिवस जुन्या भट्ट्यांना द्या. आवार मोठं आहे, झाडी आहे, चालणं बरंच. सकाळी लवकर पोचा.

एक लक्षात ठेवा, ते मूळ जागेवरचं नाही. १९८० च्या सुमारास शहरात विखुरलेल्या जुन्या कार्यशाळा आणि भट्ट्या एकत्र आणून ते वसवलं. त्यामुळे कुणी कुणी 'सेट लावलाय' म्हणून नाक मुरडतात. मला नाही पटत. लांबलचक ड्रॅगन भट्टी, भोपळ्याच्या आकाराची, पावासारखी घुमटी, सगळ्या एका फेरीत बघायला दुसरीकडे कुठे मिळणार? मुख्य आकर्षण छिंग काळातली, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली, मोठी भट्टी. अर्धं अंडं आडवं ठेवावं तसा आकार. तोंडाकडे उंच-रुंद, शेपटीकडे निमुळती, मागे धुराडं. इंधन पाइनचं लाकूड, कारण त्याची ज्वाळा लांब जाते. उष्णता १३०० अंशांच्या आसपास. भांडी उघडी ठेवत नाहीत, जाड मातीच्या डब्यांत घालून डब्यांच्या चळती रचतात, म्हणजे राख बसत नाही. तोंडाशी आणि शेपटीशी धग वेगळी, म्हणून कुठला माल कुठे लावायचा हेच खरं कसब. थर्मामीटर नव्हता तेव्हा मुख्य कारागीर छिद्रातून आत थुंकायचा आणि थुंकी कशी उडते त्यावरून धग ओळखायचा असं सांगतात. तुमच्या स्टुडिओत करून बघू नका.

पेटलेली दिसेल याची खात्री नाही. २००९ मध्ये ती मोठी भट्टी पुन्हा पेटवली, पण रोजचं काम नाही ते. ऑक्टोबरात तिथे मोठी सिरॅमिक जत्रा असते, त्या सुमारास चौकशी करा. नाही पेटली तरी निराश होऊ नका, तुमच्यासाठी खरी गंमत कार्यशाळेत आहे. कारागीर चाकावर ओणवा बसतो, काठीने चाक फिरवतो, आपल्या कुंभारासारखंच. भांडं मुद्दाम जाड काढतात, वाळलं की लोखंडी पात्याने तासून पातळ करतात. तुमचा वाडगा का पडला त्याचं उत्तर तिथे मिळेल.

गूगल चालत नाही. पैसे द्यायचं अलीपे ॲप भारतातूनच कार्ड जोडून तयार ठेवा. शांघायहून थेट हाय-स्पीड गाड्या आहेत, जिंगदेझेन नॉर्थ स्टेशन. पासपोर्ट सतत जवळ हवा. जेवण तिथलं झणझणीत, आणि भाजीतही डुकराची चरबी असू शकते. 'मी शाकाहारी, चरबी नको' असं चिनीत लिहून मोबाइलवर ठेवा.

जुनापुराणा:

बशी अजिबात नेऊ नका! शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने ती खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. आणि चीनमधून परत आणताना तिकडचे अधिकारी विचारतील ते वेगळंच. फोटो काढा, वजन आणि व्यास लिहून घ्या, पुरे.

सहा अक्षरांवर भाळू नका. तो बहुतेक सम्राटाच्या नावाचा शिक्का असतो, पण त्यावरून काळ ठरत नाही. उदाहरणार्थ, मिंग सम्राट चंगह्वाची कारकीर्द १४६५ ते १४८७. त्याच्या नावाचा शिक्का पुढे दोनशे वर्षांनी छिंग सम्राट खांगशीच्या काळातही बिनदिक्कत मारत होते, त्यानंतरही. फसवायलाच असं नाही, बऱ्याचदा आदराने. वाळूचे कण म्हणजे भट्टीत बूड चिकटू नये म्हणून पसरलेली वाळू. ती फार असेल तर बशी जिंगदेझेनची नसून फूजियानमधल्या चांगचौकडची असू शकते.

दुसऱ्या दिवशी चूशानच चुकवू नका. एकच निवडायचं झालं तर मी तेच निवडेन, शांघायकरांशी सपशेल असहमत. राजासाठी केलेल्यातलं अव्वल बीजिंगला जायचं. जरा डाग, जरा वाकडेपणा असलेलं फोडून तिथेच पुरायचे, बाजारात जाऊ नये म्हणून. ते तुकडे उकरून, जुळवून मांडलेत. एका वाडग्यात भेगांची जाळी, मधे एखादा तुकडा नाहीच, तिथे साधा पांढरा भराव. अख्खं भांडं सांगणार नाही इतकं ते सांगतं. इमारत चू पै या वास्तुरचनाकाराची, भट्टीसारख्या विटांच्या लांब कमानी, त्यात जुन्या भट्ट्यांच्या विटाही वापरल्यात. पूर्वी पोरं हिवाळ्यात भट्टीवरची गरम वीट दप्तरात घालून शाळेत जायची म्हणे.

घाटावरचा:

अवांतर: आपल्याकडे बरणी, कपबशी, संडासाचं भांडं, सगळीच 'चिनीमाती'. लोणच्याची बरणी मात्र पोर्सेलिन नव्हे, स्टोनवेअर. पोर्सेलिनला काओलिन ही पांढरी माती लागते, आणि ते नावच जिंगदेझेनजवळच्या काओलिंग गावावरून आलंय. जाण्याआधी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघून घ्या. डोळा तयार होतो.

बरणीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. बशी घरीच राहील. आईला फोटो काढायला सांगितला तर तिने आधी ती व्हिमने घासली, वाळूसकट. जुनापुराणा, कृपया ओरडू नका, वाळू अजून आहे.

ठरलं असं: शुक्रवारी जुन्या भट्ट्या, तिथे मी कार्यशाळेत आणि आई बाकावर. शनिवारी चूशान. आई म्हणाली, "फुटकी भांडी मी घरातही बघते," पण गरम विटेचं वाचल्यावर लगेच विचारलं, "गुडघ्याला शेकायला मिळेल का एखादी?"

आता एकच राहिलं. थाओशीछ्वानला जुन्या कारखान्याच्या आवारात शनिवार-रविवारी तरुण कारागिरांचा बाजार भरतो म्हणतात. तिथून वाडगे घेतले तर विमानात हातातल्या बॅगेत नेता येतात का, की कपड्यांत गुंडाळून खाली टाकायचे? कुणी आणलेत का अख्खे?