नेट चालू, पण सातबारा उघडेना

बी-२०३ अप्पा: कोणाकडे नेट चालू आहे का भो? केळीच्या विम्याला सातबारा लागतो, आज शेवटची तारीख. साईट उघडतच नाही.

ए-१०४: आमच्याकडेही तेच. केबलवाल्याला तीन फोन झाले, म्हणतो लाईन ओके आहे.

सी-३०१ काकू: व्हॉट्सॲप तर चालतंय. मग नेट बंद कसं?

ए-४०२: केबलवाला खोटं बोलत नाहीये. १.१.१.१ या नंबरच्या सर्व्हरला पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं, उत्तर येतंय. त्याचा डीएनएस झोपलाय, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारा. व्हॉट्सॲप आधीच जोडलेलं होतं, त्याला नव्याने विचारावं लागलं नाही.

अप्पा: मले समजंल असं सांग.

ए-४०२: अप्पा, आपण लिहितो 'मु. पो. विवरे, ता. रावेर, जि. जळगाव'. पण पत्र आधी जिल्ह्याला येतं, मग तालुक्याला, गाव शेवटी. साईटचं नावही असंच उजवीकडून सोडवतात. नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल, तर सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरला तुमची साईट ठाऊकच नसते. तो फक्त 'इन'वाल्यांकडे बोट दाखवतो, ते 'जीओव्ही'कडे धाडतात, असं करत खरा नंबर ज्याच्याकडे आहे तिथवर. ही पायपीट तुमचा फोन करत नाही, कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे तोच नंबर सांगणारा, करतो. मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवतो, म्हणून दरवेळी चक्कर नाही. आज तोच आडवा झालाय.

ए-१०४: रूट सर्व्हर जगात १३च म्हणे. बसले की कल्याण!

ए-४०२: नावं १३, ए पासून एम. यंत्रं जगभर हजाराच्या वर, जवळचं असेल ते उत्तर देतं. खरी पंचाईत आधी होती. सगळी नावं अमेरिकेत एका फाईलमध्ये, बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने ही वाटणी मांडली.

काकू: माझ्याकडे बातम्या मस्त उघडतायत.

ए-४०२: काकू, वायफाय चालू आहे का बघा.

काकू: अगंबाई, डेटावर आहे.

अप्पा: १९८३ राहू दे, सातबारा?

ए-४०२: राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ टाका, म्हणजे केबलवाल्याऐवजी गूगलचा डीएनएस.

अप्पा: टाकले. एक आठ पासवर्डमध्ये गेला वाटतं, आता वायफायच दिसत नाही.

ए-४०२: हात लावू नका, आलो.

अप्पा: निघाला सातबारा! पोरगं जेवूनच येईल, कळण्याची भाकर आणि ठेचा आहे.

ए-१०४: नंतर आमच्याकडे पाठवा. भाकरीसकट.