युरोपीय संघ म्हणे व्यापारातून आपोआप झाला!

अनिकेत:
'शेजारी देशांनी आधी बाजार खुले करावेत, राजकीय संघ मागोमाग येतोच, युरोप बघा,' असं काल सुमेधाताईंनी लिहिलं. वाचून गप्प बसवेना. १९५१ च्या पॅरिस करारात सहा देशांनी नुसती जकात नाही काढली. कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफा ज्यातून होतात तेच, स्वतःच्या सरकारांकडून काढून एका सामाईक प्राधिकरणाच्या हाती दिलं. तेही दुसरं महायुद्ध संपल्यावर सहाच वर्षांत! सत्ता आधी सोडली. सामाईक बाजाराचा रोम करार १९५७ चा.

सुमेधा:
आणि १९५४ सोयीस्कर विसरलात? सामाईक सैन्याचा करार फ्रान्सच्याच संसदेनं पाडला. सत्तेला थेट हात घातला की असं होतं. म्हणून तर पुढे बाजाराची वाट धरली. १९६८ पर्यंत आपसातली जकात संपली.

अनिकेत:
१९५४ चं मान्य. पण बाजाराच्या वाटेवरही १९६५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपले मंत्री बैठकांना पाठवणं बंद केलंच ना? भांडण शेतमालाच्या पैशाचं आणि बहुमतानं निर्णय घेण्याचं. सत्तेचा प्रश्न कुठे टळला?

दर्यावर्दी:
तुमचे करार राहू द्या. २०१५ च्या उन्हाळ्यात आमचं जहाज ग्रीसच्या पिरेयस बंदरात होतं, देश कर्जात बुडालेला. एटीएममधून दिवसाला ६० युरो, त्यासाठी म्हातारी माणसं उन्हात रांगेत. कर्ज देणाऱ्यांच्या अटींना ६१ टक्के लोकांनी सार्वमतात 'नाही' म्हटलं आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारनं अटी मान्य केल्या. एक चलन, खजिने मात्र ज्याचे त्याचे. याला संघ म्हणायचं?

प्राची:
सरकारी तूट कमी दाखवून युरो चलनात कोण शिरलं? माझा भाऊ फ्रँकफर्टमध्ये पगारातून घसघशीत कर भरतो. ग्रीसचं बिल त्यानं का भरायचं?

दर्यावर्दी:
आकडे सरकारनं लपवले, रांगेतल्या आजीनं नाही! आणि ग्रीसला डोळे मिटून कर्ज देणाऱ्यांत जर्मन आणि फ्रेंच बँका होत्या. मदतीचा मोठा हिस्सा कर्जफेडीतच गेला. भावाला तेही विचारा.

प्राची:
भावावर घसरायचं कारण नाही. बँकांनी हात झटकले, एवढं कबूल. पण वाट्टेल तसा खर्च करायचा आणि बिल शेजाऱ्याला, हे कुठलाच मतदार सहन करणार नाही.

सुमेधा:
धागा ग्रीसचा नव्हता!

अनिकेत:
ग्रीसचाच आहे, ताई. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात एक चलन ठरलं, सामाईक कर आणि खर्च ठरलाच नाही. संघाचं अंदाजपत्रक आजही सदस्यांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण एक टक्का. बाजार आणि चलन दोन्ही असताना तो खजिना आपोआप का नाही आला, तेवढं सांगा.

सुमेधा:
अजून आला नाही, हे खरं. पण २०२० मध्ये महामारीसाठी २७ देशांनी मिळून मोठं कर्ज काढलं. एक बाजार, एक चलन नसतं, तर जर्मनीनं त्यावर सही केली असती?

दर्यावर्दी:
पाच वर्षं आधी केली असती तर ती रांग लागली नसती.