‘कर्मठ’ ही शिवी की शाबासकी?

राजेंद्रनगरची: एका हिंदी पुस्तिकेचं मराठी करतेय, सासूबाईंसाठी. त्या नगरकडच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या, पण बायबल आणि प्रार्थना अजून मराठीतच. विषय असा, की ख्रिस्ती माणसानं देवाच्या कृपेवर जगावं, नियम पाळून त्याची मर्जी कमवायला जाऊ नये. या दुसऱ्या वृत्तीला पुस्तिकेत ‘व्यवस्थावाद’ म्हटलंय. मी ‘कर्मठपणा’ केलं. सासूबाईंना पटलं. मुलगा म्हणतो, कर्मठ असण्यात वाईट काय? त्याच्या डोळ्यांपुढे निवडणुकीचे फलक, ‘कर्मठ, जुझारू, ईमानदार’. बोलतो मराठी, वाचतो हिंदी. दोघांनाही एकच अर्थ कळेल असा शब्द सुचवा. ‘नियमशास्त्र’ नको, ते मोशेच्या नियमशास्त्रासाठीच राहू दे.

जुना होळकरी: चिरंजीव बरोबर आहेत. पाणिनी 5.2.35, ‘कर्मणि घटोऽठच्’. कामात झटतो तो कर्मठ. हिंदीनं मूळ अर्थ जपला, आपण त्याला सोवळं नेसवलं.

रामबागकर: पाणिनीला विचारून मराठी कोण बोलतं हो? कर्मठ म्हटलं की ओलेत्यानं पाणी भरणारे, शिवाशिव झाली की पुन्हा आंघोळीला जाणारे आजोबाच आठवतात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन केलंय, ते वाचून मग सांगा मूळ अर्थ.

गल्लीतला: मी तर कर्म + मठ समजत होतो. मठात बसून कर्मं करणारा.

जुना होळकरी: अहो, अठच् हा प्रत्यय आहे. मठाचा इथे काहीएक संबंध नाही.

गल्लीतला: माझीच व्युत्पत्ती जास्त पटण्यासारखी आहे पण.

बडोदेकरीण: शब्दाआधी प्रसंग बघू या का? बायबलातलं पौलाचं गलतीकरांस पत्र, अध्याय 2. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायला बसत असे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी माणसं आली, तसा तो मागे सरून वेगळा राहू लागला. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. मराठी माणसाला इथे तळटीप लागत नाही, हा सरळ पंगतभेद आहे. आणि पेत्राला काही कळत नव्हतं असंही नाही. कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन आलेला माणूस तो (प्रेषितांची कृत्ये, 10). लोक काय म्हणतील याची भीती वाटली, एवढंच. कलस्सैकरांस पत्रातही (2:21) पौल याच नियमांची यादी देतो: हे धरू नको, ते चाखू नको, त्याला शिवू नको. मी तरी ‘सोवळेपणा’ लिहीन.

मंडळीतला म्हातारा: ताई, प्रसंग चोख सांगितलात, पण ‘सोवळेपणा’ घातलात की आमची माणसं म्हणतील, हे तर बामणांचं, आपल्याला लागू नाही! आमचं सोवळं निराळं असतं. उपवासकाळात चहा सोडला का, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देवाला पुरा दिला का, रविवारी कोण दिसलं नाही, कोणाची सून टिकली लावते. या सगळ्याची वही ज्याच्या त्याच्या मनात असते. मत्तय 23:23 बघा, पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देणारे लोक न्याय, दया आणि विश्वास विसरले. पण येशू जिऱ्याचा दशांश बंद करा म्हणत नाही. हेही करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं म्हणतो. पाळणारा वाईट नव्हे. पाळलेल्याचं बिल देवाकडे पाठवतो, तो अडचणीत. त्याला एका शब्दात काय म्हणायचं ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा.

रामबागकर: हिशेबी भक्ती?

निवृत्त मास्तर: कृपा समजवायला सोपा शब्द आहे, कृपांक. ग्रेस मार्क. इंदूरच्या कोणत्याही पोराला कळेल.

बडोदेकरीण: मास्तर, तिथेच तर घोळ होतो. ग्रेस मार्क काठावर अडकलेल्याला मिळतात, म्हणजे काठापर्यंत आपल्या बळावर यायचं आणि उरलेलं देवानं भरायचं. पौल असं म्हणत नाही. इफिसकरांस पत्र 2:8-9 प्रमाणे सगळंच दान आहे, कोरी उत्तरपत्रिका देणाराही त्यात आला.

निवृत्त मास्तर: मग अभ्यास कोण करील?

बडोदेकरीण: हा प्रश्न पौलानं स्वतःच काढलाय, रोमकरांस पत्र 6:1. कृपा वाढावी म्हणून पापातच राहायचं का? त्याचं उत्तर साफ ‘नाही’ असं आहे. आणि इफिसमधलंच पुढचं, दहावं वचन वाचा, सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलंय. म्हणजे हिंदी अर्थानं कर्मठ असायला पौलाची ना नाही.

जुना होळकरी: म्हणजे शेवटी पाणिनी बरोबर.

रामबागकर: 😀 नाही.

राजेंद्रनगरची: ‘हिशेबी भक्ती’ आवडलं, पण पुस्तिकेत हा शब्द पानोपानी आहे, वाक्यात बसायला हवा. आणखी एक विचारते. मूळ हिंदीत कृपेला सगळीकडे ‘अनुग्रह’ आहे. तो तसाच ठेवू का?

रामबागकर: मुळीच नको. मराठीत अनुग्रह गुरूचा घेतात. सासूबाईंची शेजारीण विचारील, कोणत्या महाराजांचा?

जुना होळकरी: घाबरता कशाला? शब्द उत्तम आहे. मागितल्याशिवाय, वरून येतो. ‘कृपा’ तर पत्राच्या शेवटी लिहून लिहून झिजली.

मंडळीतला म्हातारा: झिजली असेल, पण आमच्या बायबलात तीच आहे. मरताना आईनं तोच शब्द ऐकलाय. अनुग्रह हिंदीवाल्यांना राहू द्या.

जुना होळकरी: अनुग्रह हिंदीचा कधीपासून झाला? संस्कृत आहे तो!

गल्लीतला: तुम्हाला सगळंच संस्कृत.

रामबागकर: आणि ‘व्यवस्था’? हिंदी बायबलात मोशेचं नियमशास्त्र म्हणजे व्यवस्था. आमच्याकडे व्यवस्था लग्नात जेवणाची करतात.

राजेंद्रनगरची: तूर्त ‘नियमांच्या जोरावर जगणं’ असं पसरट लिहून पुढे जातेय. लेकानं नवीन पेच टाकलाय. इफिसकरांस पत्राच्या त्या 2:8 मध्ये हिंदीत ‘उद्धार’ आहे, मराठीत ‘तारण’. तो विचारतो, तारण म्हणजे आजीनं सोनं ठेवून कर्ज काढलं होतं तेच ना?

गल्लीतला: मग ‘उद्धार’च ठेवा.

रामबागकर: आमच्या घरी आई चिडली की सगळ्यांचा उद्धार करते.